इथे दाबा, तिथे दाबा

'ट्यूटोरियल' हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी छटा उमटते ती आनंदाची खासच नसते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला कोरे कागद घेऊन बसायचे, आणि पुढच्या आठवड्यात लाल शाईने माखलेले तेच कागद परत घ्यायचे, एवढाच या शब्दाचा आपल्याला परिचय. मला लिहायचे आहे ते मात्र निराळ्या ट्यूटोरियलविषयी. संगणकावर चित्र कसे काढावे, रंग कसे भरावेत, काढलेल्या चित्राला चालते कसे करावे हे शिकवणारे जे पाठ आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हवे तितके आणि बहुधा फुकट मिळतात, त्यांच्याविषयी. पाठ उदंड आहेत. शिकवणारे उत्साही आहेत, शिकणारे त्याहून उत्साही आहेत. तरीही शिकणारा पुष्कळदा कोराच राहतो. असे का व्हावे?

या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती उधन्याला, माझ्या मामांच्या घरी.

वाचकांपैकी ज्यांनी मुंबईहून सुरतेचा प्रवास केला असेल त्यांना उधना हे सुरतेच्या अगदी अलीकडचे स्थानक म्हणून ठाऊक असेल. येथूनच ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावकडे जातो. याच मार्गाने गेल्या काही पिढ्यांत खानदेशातील हजारो कुटुंबे यंत्रमागावर काम करायला सुरतेत उतरली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहिली. महापालिकेच्या मराठी शाळा तेथे आहेत, गल्लीत अहिराणी आहे, दुकानात गुजराती आहे, कारखान्यात हिंदी आहे. माझे मामा त्यांतलेच एक. बारा बारा तासांची पाळी करून त्यांचे कान आता थोडे कमी ऐकतात. मागाच्या खडखडाटात उभे आयुष्य गेलेल्या माणसांचे जातातच.

या मागावर विणलेल्या कोऱ्या कापडाला सुरतेत 'ग्रे' म्हणतात. त्यावर फुले, वेली, बुट्ट्या, पदर उमटतात तेव्हा त्याची साडी होते. ही प्रत्येक वेल आधी कोणीतरी काढलेली असते. पूर्वी ती फिल्मवर काळ्या शाईने, प्रत्येक रंगासाठी वेगळी, अशी हाताने उतरवीत. आता संगणकावर काढतात. कापडावरच्या भरतकामाचे टाकेदेखील संगणकावरच आखले जातात, त्याला तिकडे 'पंचिंग' म्हणतात. ही कामे जेथे चालतात त्या खोलीला 'डिझाइनची केबिन' असे भारदस्त नाव असते. खोली दहा बाय दहाची, पण खुर्ची असते, पंखा असतो, आणि मुख्य म्हणजे शांतता असते. बाप मागापाशी उभा आणि मुलगी केबिनीत बसलेली, हे अंतर मोजायला फूटपट्टी पुरत नाही. म्हणून उधन्याच्या एखाद्या मुलीने फोटोशॉप किंवा कोरलड्रॉ शिकणे हा छंद नसतो.

माझ्या मामेबहिणीने दोन वर्षे घरबसल्या पाठ पाहिले. तिची एक वही आहे, दोनशे पानी. तिच्यात प्रत्येक पाठाच्या पायऱ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आहेत: कंट्रोल-जे, मग कंट्रोल-टी, मग एंटर, मग डावीकडचे तिसरे चित्र दाबायचे. तिने मला कमळ काढून दाखवले, मोर काढून दाखवला, चेंडू उडवून दाखवला. सगळे हुबेहूब पाठातल्यासारखे. मी थक्क झालो. पुढे एका केबिनीत तिला कामाची संधी मिळाली. तिने स्वतः काढलेल्या वेलीचा नमुना दोन मीटर कापडावर छापून आला, तेव्हा प्रत्येक वीतभर अंतरावर कापडाला आडवी, केसाएवढी पांढरी रेष होती, आणि त्या रेषेपाशी प्रत्येक पान अर्धे तुटलेले होते. तिला कोणी रागावले नाही. उद्यापासून येऊ नकोस, एवढाच निरोप आला.

मला ती म्हणाली, "दादा, त्यांचं सगळं बरोबर येतं, माझंच चुकतं."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. कारण मीही वसतिगृहात बसून ब्लेंडर शिकताना नेमके हेच स्वतःला म्हटले होते. पाठात सांगणारा म्हणे, उजव्या कळीने वस्तू निवडा. मी उजवी कळ दाबी आणि भलतीच यादी पडद्यावर उघडे. दोन रात्री मी माझ्या माउसला, माझ्या संगणकाला आणि अखेर माझ्या बुद्धीला दोष दिला. पुढे कळले की २०१९ साली ब्लेंडरची २.८० ही आवृत्ती आली तेव्हा निवडीची कळ उजवीकडून डावीकडे गेली होती, आणि मी पाहत होतो तो पाठ त्याआधीचा होता. पाठ चुकीचा नव्हता, शिळा होता. पण त्यावर तारीख पाहण्याचे भान नवशिक्याला कुठून असणार? आजही कोणी मला चांगल्या पाठाची पहिली खूण विचारली तर मी सांगेन: आपण कोणत्या आवृत्तीवर शिकवतो आहोत हे जो पहिल्याच वाक्यात सांगतो, तो विश्वासाचा मनुष्य.

परंतु शिळेपणा हा किरकोळ रोग झाला. मोठा रोग निराळा आहे. बहुतेक पाठांत शिकवणारा कधी चुकतच नाही. त्याचा हात एखाद्या जादूगारासारखा फिरतो, 'इथे दाबा, तिथे दाबा' म्हणता म्हणता दहा मिनिटांत मोर तयार. त्याने तो मोर आदल्या दिवशी चार वेळा काढला असेल, तीन वेळा बिघडवला असेल. ते तीन बिघडलेले मोर त्याने कापून टाकले, आणि शिकण्यासारखे जे होते ते नेमके त्या कापलेल्या भागात गेले. पाहणाऱ्याला रस्ता दिसतो, खड्डे दिसत नाहीत. मग स्वतः चालू लागला की पहिल्या खड्ड्यात तो पडतो आणि म्हणतो, माझेच चुकते.

मामेबहिणीची रेष कशी आली, हे अखेर समजावले एका वयस्क कारागिरांनी. मामांच्या ओळखीचे, सगळे त्यांना 'मास्तर' म्हणतात. तीसेक वर्षे छपाईत काढलेली. त्यांनी संगणकाला हातच लावला नाही. एक चौकोनी कागद मागितला, त्याच्या मध्यभागी पेनाने एक फूल काढले, कागदाचे कात्रीने चार समान तुकडे केले आणि समोरासमोरच्या तुकड्यांची अदलाबदल करून ते पुन्हा जुळवले. जे मध्यभागी होते ते चारही कोपऱ्यांत गेले, आणि जे काठ होते ते आत येऊन एकमेकांना भिडले. "आता ही जी आत मोकळी जागा आली ना, इथं चितार. काठाला हात लावू नको. काठ आपोआप जुळतो." दोन मिनिटांचा पाठ. तिने तो कागद एका कागदाशेजारी दुसरा, असा मनातल्या मनात मांडून पाहिला, आणि तिच्या तोंडावर जे उमटले ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

फोटोशॉपमध्ये 'ऑफसेट' नावाची जी आज्ञा आहे ती हेच करते: चित्र निम्मे सरकवते आणि पलीकडे गेलेला भाग अलीकडून आत आणते. क्रिता नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नुसती डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र चारही दिशांना पुन्हा पुन्हा उमटताना दिसते. ही आज्ञा तिच्या वहीत होती! सत्तेचाळिसाव्या पानावर, नीट अधोरेखित. पण ती कशासाठी आहे हे लिहिलेले नव्हते, कारण ज्याने शिकवले त्याने ते सांगितलेच नव्हते. आणि ती पांढरी रेष? चित्र कापताना कडेचे बिंदू अर्धवट पारदर्शक राहिले होते; पडद्यावर ते दिसत नाहीत, कापडावर दिसतात. मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रोटरी छपाईचा जो जाळीचा नळा असतो त्याचा घेर सर्वसाधारणपणे ६४ सेंटीमीटर. तेव्हा नक्षीची उंची ६४, ३२ किंवा १६ अशी, त्या घेरात नेमकी बसणारी हवी. ३० सेंटीमीटरची नक्षी कितीही सुरेख असली तरी त्या नळ्यावर चढणार नाही. मृदू कडांचा ब्रश पडद्यावर मोहक दिसतो. पण एका रंगाला एक जाळी असे जेथे छापायचे, तेथे त्या मृदू कडेतील पन्नास मधल्या छटा कोणत्या जाळीत घालणार? तिने पाहिलेल्या एवढ्या पाठांपैकी एकानेही हे विचारले नव्हते. पाठ पडद्यापाशी संपत होते आणि तिचे काम कापडावर संपणार होते.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. जुन्या कारखान्यातील गुरुपरंपरेचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. मास्तरांनीच सांगितले की त्यांना स्वतःला पहिली दोन वर्षे जाळ्या धुवायला लावले होते, आणि रंगाचे प्रमाण त्यांचे उस्ताद पाठ फिरवून मिसळीत. तेथे शिकणे म्हणजे चोरून शिकणे होते. आणि मुलीला तर चोरायलाही कोणी आत घेतले नसते. त्या मानाने आजचे फुकटचे पाठ ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी पूर्णपणे जाणतो. माझी तक्रार एवढीच की मास्तरांचा कागद त्या पाठांत नाही.

अॅनिमेशनचेही तेच. कोठल्याही पाठमालेत पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा असतो. चेंडू वर ठेवा, खुणेची चौकट नोंदवा. खाली आणा, नोंदवा. पुन्हा वर न्या, नोंदवा. झाले. आता चित्र चालवून पाहा: चेंडू उसळत नाही, कापसाच्या गादीवर उतरल्यासारखा हळूच टेकतो आणि हळूच वर जातो. का? कारण दोन नोंदींमधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतः भरते, आणि दोन्ही टोकांना गती मंद करण्याची त्याला सवय असते. वरच्या टोकाला ते योग्यच, फेकलेली वस्तू वर जाऊन मंदावते हे आपण अकरावीच्या पदार्थविज्ञानात घोकले आहे. जमिनीपाशी मात्र चेंडू सर्वांत वेगात असतो. म्हणून तेथे गतीची रेषा गोल न ठेवता टोकदार करावी लागते. वाईट पाठ म्हणतो, "आता या बिंदूची दांडी अशी तोडा." चांगला पाठ आधी चेंडू कापसावर पडू देतो, पाहणाऱ्याला हसू देतो, विचारात पाडतो, आणि मग रेष टोकदार करतो. दोन्हींत दाबायच्या कळा त्याच. परंतु दुसरा पाठ ज्याने पाहिला तो उद्या हातोडा, पावसाचा थेंब, नाचणारी मुलगी, काहीही हलवू शकेल. फ्लॅशवर अॅनिमेशन शिकलेल्या एका पिढीचे उदाहरण घ्या. २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेअरचा आधारच काढून घेतला गेला. ज्यांनी कळा पाठ केल्या होत्या त्यांची वही रद्दीत गेली. ज्यांना चेंडू कळला होता ते दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले आणि कामाला लागले.

आपल्याकडे ही जाण नवी आहे असे समजण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी हे नवे शास्त्र प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर भांडवलदारांना पटावे म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून रोप होईपर्यंतचे चित्रण थोडे थोडे करून ठेवले आणि ते सलग चालवून दाखवले. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या हलवून केलेला लघुपट काढला. आणि १९१७ साली 'चित्रपट कसे तयार करतात' हा बोलपटापूर्वीचा, आपला धंदा उघडा करून दाखवणारा चित्रपट! ज्या काळी उस्ताद पाठ फिरवून रंग मिसळीत, त्या काळी हा गृहस्थ कॅमेरा स्वतःकडे वळवून सांगत होता की पाहा, हे असे करतात. फाळके ज्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्याची स्थापना १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ज्यांनी केली ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर मूळचे सुरतेचे. कापड रंगवण्याचे शास्त्र कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेतून मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, आणि सुरतेतल्याच मुलीला रंगाचे सॉफ्टवेअर परक्या भाषेत घोकावे लागते, हा विरोधाभास कोणाला खटकू नये याचे नवल वाटते.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर मुंबईच्या आय. आय. टी.तील 'स्पोकन ट्यूटोरियल' या प्रकल्पाचा उल्लेख केला पाहिजे. प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या या प्रकल्पात साधारण दहा दहा मिनिटांचे पाठ आहेत. गिम्प, इंकस्केप, सिनफिग, ब्लेंडर ही चित्रकलेची आणि अॅनिमेशनची मोफत सॉफ्टवेअरे त्यांत येतात, आणि आवाज बावीस भारतीय भाषांत दिलेला आहे. मराठी आहे, गुजराती आहे, आणि आपल्या अंकाच्या दुसऱ्या विभागातील मित्रांनी ध्यानात घ्यावे, कन्नडही आहे. त्यांच्या कामाच्या तीन रीती मला फार पटल्या. आधी संहिता लिहायची, एका स्तंभात पडद्यावर काय दिसेल ते आणि शेजारी काय बोलायचे ते. मग ती संहिता त्या विषयातील नवशिक्याकडून तपासून घ्यायची. तो जेथे अडेल तेथे पाठ दुरुस्त करायचा. आणि शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्या पडद्यावर आपले काम ठेवून, थांबत थांबत, बरोबरीने करायचे. पडद्यावरचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात, फक्त आवाज आपल्या भाषेत. काही भाषाभिमान्यांना हे खुपेल. मला ते शहाणपणाचे वाटते. 'लेअर'ला 'स्तर' म्हणून शिकवाल, तर विद्यार्थी पडद्यावर 'स्तर' शोधत बसेल. शब्द 'लेअर'च ठेवा, पण तो म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, हे मराठीत नीट समजवा.

उणीवही सांगतो. त्यांची ब्लेंडरवरील पहिली मालिका २.८० च्या आधीच्या रूपावर बेतलेली आहे, तेव्हा उजव्या-डाव्या कळीचा माझा तो घोळ तेथेही होणार. आणि आवाज थोडा बातम्या वाचल्यासारखा वाटतो. पण नवशिक्याला आधी दाखवून घेण्याची ती एक रीत जरी सर्वांनी उचलली, तरी निम्मे पाठ सुधारतील. जाणत्याला आपण काय जाणतो हेच आठवत नसते. सायकल येणाऱ्याने तोल कसा सांभाळतो ते सांगून पाहावे.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला, फुकट मिळते ते घ्यावे. त्यांना मी लाटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाची आठवण देईन. छोट्याशा देशातल्या तरुण दिग्दर्शकाने अल्पशा चमूसह ब्लेंडरवर केलेल्या या अॅनिमेशनपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. तेच ब्लेंडर माझ्या वसतिगृहातल्या संगणकावर आहे, एक पैही न देता. हत्यार सारखे झाले म्हणजे मग फरक शिकण्याचाच उरतो.

तेव्हा माझी प्राध्यापकवर्गाला एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी मुले एका बाकावर बसतात. तृतीय वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, त्याला जे सॉफ्टवेअर येते त्याचा एक दहा मिनिटांचा पाठ आपल्या भाषेत करावा, तो प्रथम वर्षाच्या एखाद्याला समोर बसवून दाखवावा, आणि तो जेथे अडला त्याची नोंद पाठासोबत द्यावी. लाल शाईचे गुण द्यायचेच असतील तर त्या नोंदीला द्यावेत. 'ट्यूटोरियल' हा शब्द ऐकून पोटात येणारा गोळा तेवढाच कमी होईल.

मामेबहीण आता दुसऱ्या केबिनीत काम करते. दिवाळीत मी उधन्याला गेलो तेव्हा तिने चाळीतल्या दोन मुलींसाठी केलेला पाठ मला दाखवला. नऊ मिनिटांचा, भ्रमणध्वनी पुस्तकांच्या चळतीला टेकवून चित्रित केलेला, मराठी आणि अहिराणीची सरमिसळ. सुरुवातीला तिचे हात, कात्री आणि चौकोनी कागद दिसतो. चौथ्या मिनिटाला पडद्यावर ती केसाएवढी रेष येते, आणि ती म्हणते, "हे बघा, इथं माझं तुटलं होतं. तुमचंही तुटेल. थांबा, मोठं करून दाखवते." मागे मामींनी मारलेली हाक ऐकू येते. ती तिने कापलेली नाही.